मधोमध नसलेलं केंद्रक

पेशीची आकृती काढायला सांगितली की बहुतेक हात आधी एक मोठं वर्तुळ काढतात आणि त्याच्या बरोबर मधोमध एक छोटं. छोट्याला बाण, बाणापुढे 'केंद्रक'. नावातच केंद्र असल्यावर ते आणखी कुठे असणार? मग कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी मायक्रोस्कोपखाली जाते आणि चित्र बिघडतं. बहुतेक पेशींत केंद्रक भिंतीला चिकटून बसलेलं असतं, एखाद्या पेशीत तर पार कोपऱ्यात दबलेलं. जिथे ते मध्यावर दिसतं तिथे बारीक फोकसचा स्क्रू हळूच फिरवून पाहावा. लक्षात येतं की ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं आहे, आपण त्याला फक्त वरून पाहतो आहोत. पेशीचा मधला सगळा भाग पाण्याने टम्म भरलेल्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. बाकी सगळ्यांनी कडेने जागा करून घ्यायची, आणि या 'सगळ्यांत' केंद्रकही आलं.

ही काचपट्टी सोपी म्हणतात, पण ती बिघडवणं त्याहून सोपं आहे. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घ्यायचा, तो अलगद सुटतो. काढल्याबरोबर पाण्याच्या थेंबात टाकायचा, नाहीतर कडा वळतात आणि दोन थर एकमेकांवर येऊन पेशींच्या भिंतींचं जाळंच जाळं दिसतं. आयोडीनचे दोन थेंब, दोन-तीन मिनिटं थांबायचं, आच्छादक काच तिरकी धरून एका कडेने टेकवत आणायची. सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या जाड कडेचा तो गोल बुडबुडाच केंद्रक म्हणून वहीत उतरतो! केंद्रकाची कड इतकी ठसठशीत कधीच नसते. ते फिकट पिवळसर-तपकिरी दिसतं, आणि ४०च्या भिंगाखाली नीट पाहिलं तर त्याच्या आत आणखी एखाद-दोन ठिपके. त्या ठिपक्यांकडे नंतर येऊ.

१८३१मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किडच्या पेशींत हा गोळा पाहिला आणि तो पेशीपेशीत असतो हे नोंदवून त्याला 'न्यूक्लियस' म्हटलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फळाच्या किंवा बीच्या आतला गर. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: मगज. पण परिभाषेत 'केंद्रक' रुजलं आणि स्थान नसलेल्या गोष्टीला स्थानाचं नाव मिळालं. गंमत अशी की मगज म्हणजे मेंदूसुद्धा, आणि पाठ्यपुस्तकं केंद्रकाला हटकून 'पेशीचा मेंदू' म्हणतात. पहिला अर्थ सुटला आणि नेमका दुसरा चिकटला. मला हा दुसरा अर्थ जास्त खटकतो. केंद्रक विचार करत नाही, हुकूमही सोडत नाही. त्याची रचना पाहत गेलं की तिथे मुख्यतः दोन कामं चाललेली दिसतात: जपून ठेवणं आणि थांबवून धरणं.

आधी जपण्याबद्दल. माणसाच्या एका पेशीत डीएनएच्या ६४० कोटींच्या आसपास आधारजोड्या, म्हणजे त्या दुपदरी शिडीच्या पायऱ्या, असतात. दोन लगतच्या जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की लांबी २ मीटरच्या थोडी वर जाते, आणि ती मावते सुमारे ६ मायक्रोमीटर व्यासाच्या गोळ्यात. हे सांगताना 'ठासून भरलेलं' हा शब्द हमखास येतो. पण हिशेब करून पाहावा. डीएनएच्या दोऱ्याची जाडी २ नॅनोमीटर, म्हणजे २ मीटर दोऱ्याचं आकारमान ६ घन मायक्रोमीटरच्या जरा वर. केंद्रकाचं आकारमान सुमारे ११३ घन मायक्रोमीटर. म्हणजे डीएनएने जागा व्यापली ती जेमतेम ६ टक्के. केंद्रक १० लाख पट मोठं करून ६ मीटर व्यासाची गोल खोली केली, तर तिच्यात २ मिलिमीटर जाडीची, एकूण २,००० किलोमीटर लांबीची दोरी असेल, ४६ तुकड्यांत. खोली भरून जाणार नाही. अडचण जागेची नाहीच. अडचण गुंत्याची आहे, आणि त्या गुंत्यातून हवा तो वीतभर तुकडा हव्या त्या वेळी हाती लागण्याची आहे.

दुसरी अडचण विद्युतभाराची. प्रत्येक आधारजोडीमागे दोन ऋणभार, म्हणजे एका केंद्रकात १,२८० कोटी. हा दोरा स्वतःलाच ढकलत असतो, जवळ यायला तयार नसतो. त्यावर उपाय म्हणजे हिस्टोन नावाची लहान प्रथिनं, लायसिन आणि आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लांनी भरलेली. चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन, असा आठांचा गठ्ठा होतो आणि त्याच्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्या सुमारे पावणेदोन वेढे घेतात. हा न्यूक्लिओसोम. मग थोडा मोकळा दोरा, मग पुढचा न्यूक्लिओसोम. दर २०० जोड्यांना एक धरला तर एका केंद्रकात सुमारे ३ कोटी. हिस्टोनच्या शेपट्या गठ्ठ्याबाहेर लोंबत राहतात आणि त्यांच्यावर रासायनिक खुणा लागतात. लायसिनवर ॲसिटिल गट बसला की त्याचा धनभार जातो, पकड सैल होते, तो भाग वाचायला मोकळा होतो.

याच्या पुढची पायरी म्हणून पुस्तकांत ३० नॅनोमीटर जाडीचा सुबक, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला तंतू काढलेला असतो. तो परीक्षानळीत दिसतो, विशिष्ट क्षारांच्या पाण्यात. अख्ख्या पेशीत शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी सापडत नाही. २०१७मध्ये डीएनएवर धातूचा लेप चढवून केलेल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत दिसले ते ५ ते २४ नॅनोमीटर जाडीचे, वेडेवाकडे वळणारे पदर, कुठे दाट कुठे विरळ. आकृती मात्र अजून जुनीच छापली जाते. सुबक चित्र मोडायला कुणाचा हात धजत नाही!

या वेड्यावाकड्या पसाऱ्यालाही शिस्त आहे, फक्त ती भूमितीची नव्हे, शेजाराची. प्रत्येक गुणसूत्र आपापला इलाखा धरून असतं. माणसात १८ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रं लांबीने फार वेगळी नाहीत, पण जनुकांनी गजबजलेलं १९ आतल्या बाजूला राहतं आणि विरळ जनुकांचं १८ कडेला. सहसा कड म्हणजे मिटवून ठेवलेल्या, दाट क्रोमॅटिनची (डीएनए आणि हिस्टोन मिळून होणाऱ्या पसाऱ्याची) जागा. याला एक फार देखणा अपवाद आहे. उंदरासारख्या निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या, अंधुक प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींत हे सगळं उलटं होतं: दाट क्रोमॅटिन मधोमध गोळा होतं, मोकळं कडेला जातं. त्या दाट गोळ्यामुळे केंद्रक बारीकशा भिंगासारखं वागतं आणि अंधारातला तुटपुंजा प्रकाश कमी विखुरतो. जनुकांच्या मांडणीचा प्रकाशाच्या वाटेसाठी असा उपयोग होईल असं आधी कुणी म्हटलं असतं तर हसू आलं असतं.

क्रोमॅटिनचा हा भारांचा तोल किती नाजूक आहे हे केंद्रकं वेगळी काढताना कळतं. कृती कागदावर अगदी छोटी आहे. वाढवलेल्या पेशी बर्फावर ठेवायच्या. द्रावण: १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, १० मिलिमोलर सोडियम क्लोराईड, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराईड आणि ०.१ टक्का एनपी-४० हा सौम्य डिटर्जंट. पाण्यात क्षार कमी असल्यामुळे पेशी फुगतात, डिटर्जंट बाहेरचं पटल विरघळवतो. काही मिनिटांनी ४ अंश सेल्सिअसला ५०० जी, म्हणजे गुरुत्वाच्या ५०० पट बलाने १० मिनिटं फिरवलं की तळाशी केंद्रकांचा पांढुरका थर बसतो. थेंबभर काढून ट्रिपॅन ब्लू घालून पाहावं; हा रंग शाबूत पटलातून आत शिरत नाही. सुटलेली केंद्रकं निळी, गोल, स्वच्छ कडेची दिसायला हवीत. रंग न घेतलेल्या पेशी बऱ्याच दिसल्या तर पेशी फुटल्याच नाहीत, आणखी दोन मिनिटं द्यावीत.

बिघडतं ते साधारण ठरावीक ठिकाणी. डिटर्जंट जास्त झाला किंवा अरुंद टोकाच्या पिपेटने जोरात वरखाली केलं की केंद्रकं फाटतात, डीएनए बाहेर येतो, आणि नळीत शेंबडासारखी तार सुटते. उरलेली सगळी केंद्रकं त्या तारेत अडकून एक गोळा होतो, तो परत सुटत नाही. दुसरी चूक मॅग्नेशियम विसरण्याची, किंवा सवयीने ईडीटीए घालण्याची. मॅग्नेशियमचा दुहेरी धनभार ऋणभारांना आवरून धरतो. ईडीटीए तो पकडून नेतो, क्रोमॅटिन फुगतं, केंद्रक तट्ट होऊन फुटतं, आणि पुन्हा तीच तार. 'ठासून भरलेलं' हा शब्द इथे मात्र खरा वाटू लागतो, पण तो दाब जागेचा नव्हे, भारांचा असतो.

आता थांबवून धरण्याबद्दल. केंद्रकाभोवती एक नव्हे, दोन पटलं असतात, मध्ये २० ते ४० नॅनोमीटरची फट. बाहेरचं पटल सरळ आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, मिसळलेलं, त्यावर प्रथिनं बनवणारे रायबोसोमही बसलेले. आतल्या पटलाला आतून अस्तर आहे लॅमिन नावाच्या तंतूंचं. हे अस्तर केंद्रकाला आकार आणि ताठपणा देतं. हाडांसारख्या कडक ऊतींतल्या पेशींत लॅमिन-ए भरपूर, तर रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीत फारच कमी. अरुंद केशवाहिन्यांतून आणि ऊतींच्या फटींतून घुसताना त्याला ताठ केंद्रक परवडणार नाही.

या अस्तरात किती थोडक्याने बिघाड होतो याचं उदाहरण म्हणजे प्रोजेरिया हा आजार. लॅमिन-एच्या जनुकात १८२४व्या जागी सी या डीएनए-अक्षराऐवजी टी येतो. या बदलाने अमिनो आम्ल बदलतच नाही. कागदावर तो निरुपद्रवी म्हणून सोडून द्यावा असा. पण त्यामुळे आरएनए (जनुकावरून उतरलेली प्रत) कापणाऱ्या यंत्रणेला तिथे कापण्याची खूण असल्याचा भास होतो. १५० अक्षरं गळतात, प्रथिनातून ५० अमिनो आम्लं जातात, आणि त्यांतच असते ती जागा जिथे लॅमिनची चिकट, मेदाळ शेपटी छाटली जायची. शेपटी तशीच राहते, प्रथिन पटलाला कायमचं चिकटून बसतं, केंद्रकाला फुगे आणि सुरकुत्या येतात. ज्यांच्यात हा बदल असतो त्या मुलांच्या रक्तवाहिन्या लहानपणीच म्हाताऱ्या होतात, उपचारांविना सरासरी आयुष्य चौदा-पंधरा वर्षांचं. या आजाराचं कारण २००३मध्ये कळलं. शेपटी चिकटवणारं विकर रोखणाऱ्या लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत २०२०मध्ये मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही, आयुष्य थोडं लांबवतं.

भिंत आहे म्हणजे दारं हवीत. माणसाच्या पेशीच्या केंद्रकावर ती साधारण दोन ते चार हजार असतात. 'छिद्र' म्हणतात त्यांना, पण छिद्र म्हणजे मोकळी जागा असा समज असेल तर तो सोडलेला बरा. एकेक रंध्र सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या हजारभर रेणूंचं, आठ आऱ्यांच्या चाकासारखं बांधलेलं, बाहेरून जवळपास १२० नॅनोमीटर रुंद. मधल्या वाटेत प्रथिनांच्या सैल, लवलवत्या शेपट्यांचं रान. पाणी, क्षार, लहान रेणू त्यातून सहज जातात. ४० हजार डाल्टनच्या वर वजन गेलं की आपोआप जाणं जवळपास बंद. मोठ्याला सोबती लागतो, आणि सोबती मिळायला अंगावर खूण लागते.

ही खूण म्हणजे काय हे एका माकडविषाणूच्या प्रथिनात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं: प्रोलिन, लायसिन, लायसिन, लायसिन, आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन. सात अमिनो आम्लं, बस्स. ती कुठल्याही परक्या प्रथिनाला जोडली तरी ते केंद्रकात जातं. मधल्या लायसिनांपैकी एकाच्या जागी थ्रिओनिन ठेवलं की तेच प्रथिन दाराबाहेर ताटकळतं.

पण मला रंध्राहून जास्त कौतुक वाटतं ते दिशेचं. दार दोन्हीकडून सारखंच, मग नेलेला माल आतच का सुटतो? उत्तर रॅन नावाच्या एका छोट्या प्रथिनात आहे. त्याला जीटीपी हा ऊर्जावाहक छोटा रेणू जोडून देणारं विकर क्रोमॅटिनलाच धरून बसलेलं असतं, आणि जीटीपी तोडायला लावणारं प्रथिन बाहेर, पेशीद्रवात. त्यामुळे आत रॅन-जीटीपी भरपूर, बाहेर जवळजवळ नाही. आत नेणारा सोबती म्हणजे इम्पोर्टिन. ते माल घेऊन आत आलं की रॅन-जीटीपी त्याला पकडतं आणि माल सुटतो. बाहेर नेणाऱ्या एक्स्पोर्टिनचं उलट: ते रॅन-जीटीपी सोबत असेल तरच माल धरतं, आणि बाहेर जीटीपी तुटला की सोडतं. म्हणजे 'आत' म्हणजे कुठे, हे पेशी भिंतीवरून नव्हे तर डीएनए जिथे आहे त्यावरून ठरवते. एकेका रंध्रातून सेकंदाला हजाराच्या घरात ये-जा होऊ शकते, दोन्ही दिशांनी, एकाच वाटेने.

एवढा खटाटोप कशासाठी? जिवाणूंचं यावाचून काही अडत नाही. त्यांच्यात डीएनएवरून आरएनए उतरत असतानाच त्याच्या मोकळ्या टोकावर रायबोसोम चढतात आणि प्रथिन बनू लागतं. वाचणं आणि करणं एकाच दमात. आपल्या जनुकांत ते परवडत नाही, कारण त्यांत मधे मधे इंट्रॉनचे निरर्थक वाटणारे लांबलचक तुकडे आहेत. ते कापून टाकण्याआधी रायबोसोम चढला तर तो त्या कचऱ्याचंही प्रथिन करू लागेल. स्नायूंतल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक घ्या. २२ लाखांहून अधिक जोड्या, ७९ एक्सॉन म्हणजे राखायचे तुकडे, आणि कापाकापी झाल्यावर उरतो तो संदेश सुमारे १४ हजार अक्षरांचा. एक प्रत उतरवायलाच १६ तास लागतात. त्या १६ तासांत हा अर्धामुर्धा मजकूर रायबोसोमच्या हाती लागता कामा नये. केंद्रकाची भिंत त्याला नेमका तेवढा वेळ मिळवून देते. टोकाला टोपी, शेवटी अ-अ-अ ची शेपटी, प्रत्येक जोडावर प्रथिनाची मोहोर, हे सगळं झाल्यावरच संदेश दाराबाहेर पडतो. मूळ दप्तर जागचं हलत नाही.

आता ते ठिपके. केंद्रकातली केंद्रकी म्हणजे रायबोसोम बनवण्याचा कारखाना. माणसात १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांवरची रायबोसोमल जनुकं तिथे एकत्र येतात. भोवती पटल नाही, तेलाचे थेंब पाण्यात जमावेत तशी ती जमते आणि दोन केंद्रकी भेटल्या तर एकजीवही होतात. जोमाने वाढणाऱ्या पेशीत एका पिढीला लाखो रायबोसोम लागतात, त्यामुळे ती फुगते. म्हणूनच पॅथॉलॉजिस्ट गाठीचा तुकडा पाहताना केंद्रकी किती मोठी, किती उठून दिसते, हे आवर्जून टिपतात.

पेशी दुभंगताना ही सगळी बांधणी उतरवली जाते. सीडीके-१ हे विकर लॅमिनवर आणि रंध्रांच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं, अस्तर सुटं होतं, पटल जालिकेत विरून जातं, केंद्रकी नाहीशी होते. गुणसूत्रं दोन टोकांना पोचली की सगळं पुन्हा उभं राहतं. एखादं गुणसूत्र मागे रेंगाळलं तर त्याच्याभोवती वेगळी, अपुरी भिंत बांधली जाते. हे सूक्ष्मकेंद्रक. त्याचं अस्तर कच्चं, रंध्रं कमी, ते सहज फुटतं. आतल्या गुणसूत्राचे तुकडे होतात आणि ते वाट्टेल त्या क्रमाने परत जोडले जातात. कर्करोगाच्या काही पेशींत अशी चक्काचूर होऊन सांधलेली गुणसूत्रं सापडतात. एखादं रसायन जनुकांना घातक आहे का हे तपासायची एक नेहमीची चाचणी म्हणजे सूक्ष्मकेंद्रकं मोजणं.

राहता राहिला मेंदूचा प्रश्न. जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२मध्ये बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं, आणि काही अंड्यांतून धडधाकट बेडूक वाढले. आतड्याचं काम करणारं केंद्रक अंड्याच्या पेशीद्रवात जाताच जुनं काम विसरून पहिल्यापासून सुरू झालं. १९९६मध्ये डॉली मेंढी जन्मली तीही याच वाटेने. तशी २७७ अंडी तयार केली होती, त्यांतून २९ भ्रूण आणि एकच कोकरू. यश दुर्मीळ, कारण हिस्टोनवरच्या आणि डीएनएवरच्या जुन्या खुणा सगळ्या पुसल्या जात नाहीत. पण कोणती पानं उघडायची हे इथे पेशीद्रवाने सांगितलं, केंद्रकाने ऐकलं.

आणि केंद्रकावाचून? ॲसिटाब्युलॅरिया या काही सेंटिमीटर उंचीच्या एकपेशीय शैवालाचं केंद्रक तळाशी, मुळासारख्या भागात असतं. तो भाग छाटला तरी वरचा देठ कित्येक आठवडे जगतो, एकदा नवी टोपीसुद्धा उगवतो, आधीच देठात येऊन पडलेल्या संदेशांच्या जोरावर. दुसऱ्यांदा मात्र नाही. आपल्या तांबड्या पेशी तर हे स्वतःहून करतात. अस्थिमज्जेत त्यांचं केंद्रक आकसतं, पटलाच्या पातळ वेष्टनात बाहेर ढकललं जातं, आणि शेजारची भक्षकपेशी ते गिळून टाकते. त्यानंतर दिवस-दोन दिवस उरलेल्या आरएनएवर हिमोग्लोबिन बनत राहतं, मग तेही थांबतं, आणि पेशी सुमारे १२० दिवस रक्तात फिरते. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे तितकीच केंद्रकं दर सेकंदाला टाकून दिली जातात. रक्ताच्या नमुन्यातून डीएनए काढताना तांबड्या पेशी आधी फोडून ओतून देतात ते याचसाठी. जे काही मिळतं ते सगळं मूठभर पांढऱ्या पेशींचं.